ओडोरिक यांचे प्रवासकथन : सांगितलेले आणि राहून गेलेले

पादुआ येथील संत अंथनीच्या मठात १३३० सालच्या मे महिन्यात एक फ्रान्सिस्कन धर्मबंधू आपल्या प्रवासाची हकीगत सांगत होते आणि सोलान्याचे बंधू विल्यम ती साध्यासुध्या लॅटिन भाषेत उतरवून घेत होते. सांगणाऱ्याचे नाव ओडोरिक, गाव उत्तर इटलीतील पोर्देनोने. सुमारे बारा वर्षांच्या भ्रमंतीत कॉन्स्टँटिनोपल, इराण, हिंदुस्थान, सुमात्रा, जावा आणि चीन एवढा प्रदेश त्यांनी पालथा घातला होता. ही हकीगत सांगून झाल्यावर आठ महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १३३१ रोजी, उदिने येथे ते निवर्तले. १७५५ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादितांत मान दिला. त्यांचे हे कथन हस्तलिखितांच्या रूपाने युरोपभर पसरले आणि १८६६ साली हेन्री यूल यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे ते आधुनिक वाचकांपुढे आले.

या ग्रंथावर आपला थोडासा हक्क आहे. होर्मुझहून निघालेले ओडोरिक अठ्ठावीस दिवसांच्या सागरप्रवासानंतर जेथे उतरले ते आपले ठाणे. ज्या गलबतातून ते आले, त्यात लोखंडाचा एक तुकडाही नव्हता. फळ्या दोरीने शिवलेल्या होत्या. कोकण किनाऱ्यावरील वाचकाला यात नवल वाटायचे नाही, पण व्हेनिसची जहाजे पाहिलेल्या माणसाला ते वाटले. ठाण्यातील उंदीर कुत्र्याएवढे असून त्यांच्यापुढे मांजरांचे काही चालत नाही, असेही ते सांगतात. आपल्याकडची घूस ज्याने पाहिली आहे, तो त्यांना खोटे म्हणणार नाही. काही पाठांत येथील एका लग्नाचे वर्णन येते. वधूच्या मस्तकी पांढऱ्या फुलांनी सजवलेली उंच टोपी आहे आणि ती धर्माध्यक्षांच्या शिरस्त्राणासारखी दिसते, असे त्यात म्हटले आहे. मला तेथे आपले बाशिंग दिसते. परक्या वस्तूला आपल्या ओळखीच्या वस्तूची उपमा देऊन ती वाचकाच्या हाती ठेवायची, ही ओडोरिक यांची पद्धत, आणि तीच त्यांच्या कथनाचे बळ आहे.

मिशनरी म्हणून गेलेल्या माणसाच्या पुस्तकात आपण काय शोधतो? किती जणांना बाप्तिस्मा दिला, कोठे चर्च उभारले, कोणत्या राजाचे मन वळवले. त्या काळी खानबालिक म्हणजे आजच्या बीजिंग येथे महागुरुस्वामी असलेल्या मोन्तेकोर्विनोच्या जॉन यांचे १३०५ सालचे पत्र उपलब्ध आहे. त्यात चर्च आहे, त्याचा मनोरा आहे, मनोऱ्यातील तीन घंटा आहेत आणि सुमारे सहा हजार बाप्तिस्म्यांची नोंद आहे. त्याच शहरात ओडोरिक तीन वर्षे राहिले. परंतु आपल्या कामाचा हिशेब त्यांनी दिलेला नाही. काही अभ्यासकांना यामुळे त्यांच्या मिशनरीपणाविषयीच शंका येते. मला मात्र वाटते की, हा ग्रंथ अहवाल म्हणून वाचणे हीच चूक आहे. अखेरच्या वर्षातील एका माणसाने मनात जपलेल्या आठवणी बाहेर काढल्या, आणि आठवणींना हिशेब ठेवता येत नाही.

त्यांच्या लाडक्या आठवणी कोणत्या, हे त्यांच्या सांगण्याच्या लयीवरून कळते. फूचौ शहरातील बर्फासारख्या पांढऱ्या कोंबड्या, ज्यांच्या अंगावर पिसांऐवजी मेंढीसारखी लोकर आहे. एका नदीवर पाणकावळ्यांकडून मासे धरवणारा त्यांचा यजमान. तो पक्ष्यांच्या गळ्याला दोरी बांधतो, म्हणजे त्यांना मासा गिळता येत नाही. तासाभरात टोपल्या भरतात आणि मग तो दोरी सोडून पक्ष्यांना पोटभर खाऊ देतो. ही शेवटची गोष्ट सांगायला ओडोरिक विसरत नाहीत. ज्याला फक्त चमत्कारिक तेवढेच सांगायचे असते, तो टोपल्या भरल्यावर थांबला असता.

या सर्वांत मला श्रेष्ठ वाटतो तो हांगचौ येथील प्रसंग. तेथील एक श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थ ओडोरिक यांना ‘आथा’ म्हणजे बाबा अशी हाक मारीत असे. तो त्यांना एका बौद्ध मठात घेऊन गेला. तेथील भिक्षूने उष्ट्या अन्नाच्या दोन बादल्या उचलल्या, बागेचे दार उघडले आणि घंटा वाजवली. त्यासरशी टेकडीवरून माकडांचे व अन्य प्राण्यांचे थवे खाली आले, रांगेने बसले, जेवले आणि पुन्हा घंटा होताच परतले. ओडोरिक यांना हसू आवरेना. भिक्षू म्हणाला, हे थोर माणसांचे आत्मे आहेत. देवाच्या प्रीतीसाठी आम्ही त्यांना खाऊ घालतो. ओडोरिक म्हणाले, हे आत्मे नव्हेत, केवळ मुकी जनावरे आहेत. वाद झाला. आणि ओडोरिक प्रांजळपणे सांगतात की, मी कितीही बोललो तरी त्याने दुसरे काही मानले नाही. धर्मप्रसारकाच्या पुस्तकात न जिंकलेला वाद इतक्या आनंदाने सांगितलेला मी अन्यत्र वाचलेला नाही. भिक्षूच्या तोंडी त्यांनी मूर्खाची भाषा घातली नाही. त्याची श्रद्धा, त्याची बादली आणि त्याची घंटा जशीच्या तशी आपल्यापुढे ठेवली.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. जेथे ओडोरिक स्वतः पाहतात तेथे त्यांची नजर पक्की आहे; जेथे ऐकीव माहितीवर विसंबतात तेथे कथन घसरते. श्वानमुखी माणसांचे बेट आणि कोकरू पोटात असलेले फळ हा त्या काळच्या बाजारगप्पांचा माल आहे. परधर्मीयांच्या पूजाविधींकडे पाहताना त्यांची सहानुभूती बहुधा आटते. मठातील भिक्षूला मिळालेला न्याय मलबारच्या भाविकांना मिळत नाही.

सर्वांत गंभीर त्रुटी मला ठाण्याच्या प्रकरणात जाणवते. एप्रिल १३२१ मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर हे धर्मबंधू आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस हे त्यांचे दुभाषी ठाणे येथे रक्तसाक्षी झाले. ओडोरिक त्यानंतर तेथे पोहोचले. ही हकीगत त्यांनी विस्ताराने आणि गहिवरून सांगितली आहे. पण तिची सुरुवात कोठे होते? धर्मबंधू ज्या ख्रिस्ती घरात उतरले होते, तेथे नवऱ्याने बायकोला मारहाण केली. ती बाई न्याय मागायला काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून पाहुण्यांची नावे पुढे आली. मग चौकशीचा ओघ श्रद्धेच्या प्रश्नाकडे वळला. त्या बाईचे पुढे काय झाले? तिला न्याय मिळाला का? ओडोरिक एक शब्द बोलत नाहीत. चार जणांच्या रक्ताची स्मृती आपण जपतो. ज्या अश्रूंपासून ती कहाणी सुरू झाली, ते कथनातून पुसले गेले. आपल्या घराघरांतून आजही असे अश्रू ‘घरातली गोष्ट’ म्हणून पुसले जातात, म्हणून हे मौन मला टोचते.

जॉर्डन या डोमिनिकन धर्मगुरूंनी रक्तसाक्ष्यांचे देह सोपारा येथे पुरले होते. ओडोरिक यांनी ते अवशेष काढून घेतले, वस्त्रात गुंडाळले आणि थेट चीनमधील झैतून बंदरात आपल्या बंधूंच्या मठात पोहोचवले. वाटेत जहाज निर्वात समुद्रात अडकते. मूर्तिपूजकांनी प्रार्थना केली, मुसलमानांनी केली, वारा येईना. नंतर ओडोरिक यांनी केली, तरीही वारा आला नाही, हे ते लपवत नाहीत. शेवटी एक अस्थी समुद्रात टाकल्यावर वारा सुटला, असे ते सांगतात. येथे माझे लक्ष चमत्कारापेक्षा त्या गाठोड्याकडे जाते. सोपाऱ्याच्या मातीतले ते ओझे एका माणसाने कित्येक महिने उशाशी घेऊन वाहिले. या ग्रंथातील सर्वांत मोठे मिशनकार्य मला हेच वाटते.

आता त्या राहून गेलेल्या आठवणीविषयी. ग्रंथाच्या शेवटी बसानोचे बंधू मार्केझिनो यांनी एक पुरवणी जोडली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही गोष्ट ओडोरिक यांच्या तोंडून त्यांनी ऐकली होती, परंतु ओडोरिक यांनी ती लिहवून घेतलेली नव्हती. महान खान राजधानीकडे परतत होता. रस्त्याच्या कडेला झाडाखाली काही धर्मबंधू बसले होते. त्यांत स्वतः ओडोरिक होते आणि एक धर्माध्यक्षही होते. खान जवळ येताच त्यांनी काठीवर क्रूस उंच धरला आणि पवित्र आत्म्याला आवाहन करणारे प्राचीन स्तोत्र गायिले. खानाने त्यांना बोलावले, मोलाचे शिरोभूषण उतरवले आणि क्रूसाचे चुंबन घेतले. रिक्त हस्ते त्याच्यापुढे जाऊ नये असा रिवाज होता. गरीब धर्मबंधूंजवळ होते काय? ताटात थोडी सफरचंदे. खानाने दोन उचलली आणि त्यांतील एकाचा थोडा भाग खाल्ला.

ही गोष्ट मूळ कथनात का नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. परंतु मार्केझिनो ऐकत बसले नसते, तर ते सफरचंदांचे ताट ओडोरिक यांच्याबरोबरच मातीआड झाले असते. आपल्या धर्मग्रामांतून निघून परदेशी किंवा परप्रांती सेवा करणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी सुट्टीवर घरी येतात. त्यांच्या कामाचा अहवाल संघाच्या कचेरीत जातो. जेवणाच्या पाटावर, आईच्या आग्रहाखातर, ते जे सांगतात ते कोणी लिहून ठेवत नाही. ओडोरिक यांचा ग्रंथ वाचून मिटताना माझ्या मनात राहिला तो त्यांच्यापेक्षा मार्केझिनो. प्रत्येक घरात असा एक ऐकणारा असावा, आणि त्याच्या हाताशी एक वही असावी.