पाण्यातला डोंगर आणि पाण्याखालचे गाव

दिवाळीच्या सुमारास आपल्या घरी दिवाळी अंक येतात, आणि त्यांच्या मागोमाग नव्या वर्षाची कॅलेंडरे. अंकांविषयी आपण चार शब्द बोलतो, भांडतोही. कॅलेंडरावरच्या चित्राविषयी मात्र कोणी बोलत नाही. बारा पानांपैकी एखाद्या पानावर तरी प्रतिबिंबाचे चित्र असतेच. वर डोंगर, खाली तोच डोंगर उलटा, मधोमध काठाची आडवी रेषा. ‘काय सुंदर!’ एवढे म्हणून आपण तारीख पाहतो. छायाचित्रणात पाण्यातल्या प्रतिबिंबाइतका वापरला गेलेला आणि त्याच्याइतका कमी तपासला गेलेला विषय दुसरा नसेल. म्हणूनच त्याची थोडी कसून तपासणी करावी असे वाटते.

सुरुवात शब्दांपासून करू. आपण दोन-दोन भाषांच्या घरांत वाढलेली माणसे. शब्द उलटसुलट करून पाहण्याची आपल्याला सवय असते. पाण्याला आपण आरसा म्हणतो. शेजारच्या कन्नड घरात त्याच आरशाला ‘कन्नडी’ म्हणतात, गोव्यात ‘आरसो’, बडोद्यात ‘अरीसो’, इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘आईना’. उपमा मात्र सगळीकडे एकच, आणि ती अर्धीच खरी आहे. त्यापेक्षा ‘छायाचित्र’ हा आपला मराठी शब्द अधिक शहाणा म्हणायचा. संस्कृतात ‘छाया’ म्हणजे सावली, आणि छाया म्हणजे प्रतिबिंबही. पाण्यावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पडत असतात. कोणती टिपायची हे छायाचित्रकाराला ठरवावे लागते, आणि त्याच्या निवडीवर चित्राची प्रत ठरते.

आरशाची उपमा अर्धी खरी का, हे थोड्या भौतिकशास्त्राने सांगता येते. आरसा आपल्यावर पडलेला बहुतेक सगळा प्रकाश परत करतो. पाणी तसे उदार नाही. काठावर उभे राहून सरळ खाली पाहिले तर पाणी सुमारे दोनच टक्के प्रकाश परतवते. म्हणून पायांपाशी तळाचे गोटे दिसतात. नजर जसजशी तिरपी होत दूर जाते तसतसे हे प्रमाण वाढते. लंबाशी ऐंशी अंशांचा कोन झाला की ते पस्तीस टक्क्यांच्या आसपास पोचते, आणि त्यापुढे झपाट्याने चढते. एकाच तळ्यात जवळचे पाणी तळ दाखवते आणि लांबचे आकाश दाखवते, ते यामुळे. मध्ये कुठेतरी दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात. प्रतिबिंब मूळ दृश्याहून सहसा काळोखे असते, हेही यातूनच आले.

दुसरी गोष्ट याहून मौजेची. पाण्यातला डोंगर ही वरच्या डोंगराची हुबेहूब नक्कल नसते. कॅमेरा पाण्याच्या जेवढा वर असेल तेवढेच पाण्याखाली जाऊन वर पाहिले तर जे दिसेल, ते प्रतिबिंबात दिसते. त्यामुळे पुलाची आपल्याला न दिसणारी खालची बाजू पाण्यात दिसते. आणि काठावरची झुडपे मागच्या डोंगराचा वरच्यापेक्षा अधिक भाग झाकून टाकतात. प्रतिबिंब म्हणजे त्याच जागेकडे दुसऱ्या ठिकाणाहून पाहणे. एका चित्रात दोन दृष्टिकोन असतात, असे म्हटले तरी चालेल.

हे ज्ञान आज फार उपयोगाचे आहे. संगणकावर चित्राचा वरचा भाग उलटा करून खाली चिकटवणे हा आता दोन मिनिटांचा खेळ झाला आहे. अशा चित्रात खालचा डोंगर वरच्याइतकाच उजळ असतो, त्यातले प्रत्येक झाड मापाला माप जुळते, आणि काठाला चिखल नसतो. असे चित्र पाहून आपण फसतो, कारण खऱ्या प्रतिबिंबाकडे आपण कधी नीट पाहिलेलेच नसते.

या विषयाचा इतिहास मोठा आहे. त्यातली चार-पाच चित्रेच इथे घेतो. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात कार्लटन वॉटकिन्स १८६१ साली गेला तो सुमारे अठरा गुणिले बावीस इंचांच्या काचा घेऊन. काच जागेवरच रसायनात भिजवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच धुवायची, असा तो काळ. तिथल्या ‘मिरर लेक’वर त्याने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी कड्यांची प्रतिबिंबे टिपली. प्रकाश घ्यायला बराच वेळ लागे. वाऱ्याची एक झुळूक आली की सगळे वाया. त्या चित्रांतली शांतता म्हणूनच कमावलेली वाटते. १८६४ साली अब्राहम लिंकन यांनी हे खोरे राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली; त्यामागे वॉटकिन्सच्या चित्रांचाही वाटा मानला जातो. पण त्या आरशाची पुढची गोष्ट कॅलेंडरावर येत नाही. ते तळे गाळाने भरत चालले आहे. १९७१ पर्यंत त्यातली वाळू उपसली जाई. मग निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचे ठरले. आता उन्हाळा सरता सरता तिथे बहुधा वाळू आणि गवत उरते. आरसा म्हणून जगभर गाजलेले पाणी वर्षातले काही महिनेच आरसा असते.

एडवर्ड स्टायकेनचे १९०४ मधले तळ्यावरच्या चंद्रप्रकाशाचे चित्र याच्या दुसऱ्या टोकाला आहे. न्यू यॉर्क राज्यातल्या ममारोनेक इथे काढलेले. त्याची एक प्रत २००६ साली लिलावात एकोणतीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली, आणि तेव्हापासून लोक चित्राऐवजी किंमतच पाहतात. चित्रात आहे काय? झाडांची गच्च काळी भिंत, तिच्या फटीतून दिसणारा प्रकाश, आणि पाण्यात त्या प्रकाशाचा एक तुकडा. बाकी सगळा अंधार. रंगीत छायाचित्रणाच्या काचा अजून बाजारात यायच्या होत्या. स्टायकेनने छापताना हाताने थर चढवून निळसर-हिरवट झाक आणली. इथे प्रतिबिंब डोंगराची दुप्पट करत नाही. पाणी किती काळे आहे, एवढेच ते सांगते.

हे चित्र पाहताना मराठी माणसाला बालकवींची ‘औदुंबर’ आठवल्यावाचून राहत नाही. पाण्याकाठच्या त्या झाडाचे लख्ख, नेटके प्रतिबिंब कवीने रंगवलेले नाही. पाण्यावर पसरणारी सावळी छाया तेवढी रंगवली. कॅलेंडरवाल्याने त्या जागी उलटा औदुंबर दाखवला असता. आपल्या भाषेतल्या सर्वांत लाडक्या निसर्गचित्रांपैकी एक चित्र छायेचे आहे, आरशाचे नाही, ही गोष्ट आपल्या छायाचित्रकारांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अँसेल अ‍ॅडम्सने १९४० च्या दशकाच्या अखेरीस अलास्कातल्या वंडर लेकपाशी मध्यरात्रीनंतर, त्या मुलुखातल्या लवकर उगवणाऱ्या उन्हात घेतलेले पर्वताचे चित्रही असेच आहे. पर्वत समोर प्रचंड उभा. तळ्यात मात्र तो नाही, नुसते आकाशाचे रुपेरी तेज आहे. डोंगर आणि तळे एका चित्रात असले म्हणजे एकाने दुसऱ्यात पडलेच पाहिजे, हा आपला हट्ट तिथे मोडतो. कार्तिए-ब्रेसाँच्या १९३२ मधल्या पॅरिसच्या चित्रात तर निसर्गही नाही. स्टेशनामागे साचलेले पाणी, त्यावरून उडी मारणारा माणूस आणि खाली त्याची उलटी आकृती. टाच पाण्याला टेकायच्या आतला क्षण. पुढच्या क्षणी हे प्रतिबिंब फुटणार हे आपल्याला कळते, म्हणून ते जिवंत वाटते.

आता या लेखाच्या मुख्य माणसाकडे वळू. एलियट पोर्टर हा शिक्षणाने डॉक्टर. हार्वर्डमधले संशोधनाचे काम सोडून तो पूर्ण वेळ छायाचित्रणाकडे वळला, आणि रंगीत चित्रांना कोणी कला मानत नव्हते त्या काळात रंगाचाच आग्रह धरून बसला. १९६० पासून तो कोलोरॅडो नदीच्या ग्लेन कॅन्यनमध्ये जाऊ लागला. उंच, अरुंद, तांबूस खडकांच्या या घळींमध्ये तळाशी पाणी सावलीत असते आणि समोरच्या कड्याचा माथा उन्हात. सावलीतल्या पाण्यावर तो उन्हाचा कडा उतरतो, आणि पाणी सोन्याचे, तांब्याचे दिसू लागते. जिथे आकाश दिसते तिथे गर्द निळे. पोर्टरच्या अशा चित्रांत कडा बहुधा दिसतच नाही. क्षितिज नाही, काठाची आडवी रेषा नाही, वर-खाली नाही. ओला खडक, सुरकुतलेले पाणी आणि त्यावर उतरलेला रंग, एवढेच. प्रतिबिंब वेगळे काढून दाखवता येत नाही; ते पाण्याचाच रंग झालेले असते. उपमा बाजूला ठेवून पाणी पाहणे म्हणजे काय, ते या चित्रांत कळते.

ही चित्रे १९६३ साली पुस्तकरूपाने आली. ‘कोणालाच ठाऊक नसलेली जागा’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. प्रकाशक होता सिएरा क्लब, आणि त्यामागे डेव्हिड ब्राउअर हा झुंजार माणूस. त्याच वर्षी खालच्या अंगाला धरणाचे दरवाजे मिटले आणि पाणी चढू लागले. जलाशय पुरता भरायला १९८० साल उजाडले. पोर्टरच्या चित्रांतल्या कित्येक जागा शेकडो फूट पाण्याखाली गेल्या. या जलाशयाचीही सुंदर छायाचित्रे निघतात: निळे विस्तीर्ण पाणी, त्यात तांबड्या कड्यांची प्रतिबिंबे. कॅलेंडराला अगदी योग्य. ती पाहताना पोर्टरचे पुस्तक शेजारी ठेवले तर प्रतिबिंब हा किती अवघड विषय आहे ते समजते. प्रतिबिंब पाण्यावरचे सांगते आणि पाण्याखालचे लपवते. २००० नंतरच्या दुष्काळात पातळी उतरत गेली, २०२३ च्या वसंतात ती तोवरच्या नीचांकाला पोचली, आणि बुडालेल्या काही घळी पुन्हा उघड्या पडल्या.

हे सारे दूर अमेरिकेतले झाले, असे म्हणायची सोय आपल्याला नाही. सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. तिथले प्राचीन महादेवाचे देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले. घरे उभारता आली नाहीत. मे महिन्यात पाणी ओसरले की जोती, वाटा, विहिरी वर येतात, आणि विस्थापित कुटुंबे सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. मग पावसाळा येतो. धरणाचा गोल सांडवा आणि जलाशयातले हिरव्या डोंगरांचे प्रतिबिंब पाहायला पर्यटक येतात, चित्रे काढतात. त्या चित्रांत खोटे काहीच नाही. पण त्या पाण्याची ओळखही त्यांत नाही; ते पाणी कुठलेही असू शकले असते. धरणाने दक्षिण गोव्याला प्यायला पाणी दिले, हेही तितकेच खरे. चित्राने कोणाची बाजू घ्यावी असे माझे म्हणणे नाही. पाणी कोणते ते तरी त्याने सांगावे.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक सुंदर चित्रात दुःख शोधायचे का? मुळीच नाही. स्टायकेनच्या तळ्याखाली कुठले गाव नाही. तरी ते तळे दुसऱ्या कोणत्याही तळ्यासारखे नाही. कसोटी एवढीच: हे पाणी या जागेचे, या वेळेचे, या वाऱ्याचे आहे का? मधोमध रेषा मारून दोन्हीकडे सारखे दाखवणारे चित्र या कसोटीला बहुधा उतरत नाही. सारखेपणा दिसला की डोळा लगेच संतुष्ट होतो आणि पाहणे थांबवतो.

छायाचित्रकाराच्या हातात एक साधी काच असते, पोलरायझर नावाची. भिंगापुढे ती फिरवली की पाण्यावरची चकाकी कमी होत जाते. लंबाशी त्रेपन्न अंशांच्या सुमाराला तर ती जवळजवळ नाहीशी होते, आणि आकाश दाखवणारे पाणी तळ दाखवू लागते. आकाश ठेवायचे की तळ, की दोन्ही थोडे थोडे, हे बोटाच्या एका वळणावर असते. कुर्डीच्या खोल जलाशयावर ही काच काम देणार नाही. तिथे मे महिन्याचीच वाट पाहावी लागते. पण गावातल्या तळ्यावर ती पुष्कळ काही सांगेल.

आपल्याकडे तळ्यांना काय तोटा! बेळगावचे किल्ला तळे, बडोद्याचे सूरसागर, इंदूरचे सिरपूर, गोव्यातले करमळीचे तळे, आणि आपल्या सर्वांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरचा कोल्हापूरचा रंकाळा. रंकाळ्यात शालिनी पॅलेसचे प्रतिबिंब टिपण्यासाठी पहाटे येणारी मंडळी जलपर्णी आणि फेस चौकटीबाहेर राहील अशी जागा शोधतात. त्यांचा दोष नाही. प्रतिबिंबाच्या चित्राचा नमुनाच त्यांना तसा मिळालेला आहे. आता फोन उलटा धरून रस्त्यावरच्या डबक्यातही देऊळ किंवा राजवाडा उतरवता येतो. साधन इतके सोपे झाले, हे चांगलेच. पण ज्याने जलपर्णी चौकटीत ठेवली, तिच्या फटीतून जेवढा राजवाडा दिसतो तेवढाच घेतला, त्याचे चित्र मला अधिक वेळ पाहावेसे वाटेल. राजवाडा त्यात तुकड्या-तुकड्यांनी दिसेल. पण ते रंकाळ्याचेच पाणी आहे, हे कोणाला सांगावे लागणार नाही.