दण्डीची साधु प्रहेलिका आणि मराठी शब्दकोडे

संस्कृत साहित्यशास्त्राने प्रहेलिकेला आसन दिले ते पंगतीच्या टोकाला. भामहाने 'काव्यालंकारा'त तिचा उल्लेख यमकाच्या ओघात केला आणि लगेच नापसंती नोंदवली. शास्त्रग्रंथाप्रमाणे जे काव्य व्याख्येवाचून कळतच नाही, ते बुद्धिमंतांचा उत्सव ठरते आणि मंदबुद्धी बिचारे मारले जातात, असा त्याच्या टीकेचा आशय आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'च्या दहाव्या परिच्छेदात याहून निर्णायकपणे बोलतो. प्रहेलिका रसाला आडवी येते, म्हणून ती अलंकारच नव्हे, केवळ उक्तीचे वैचित्र्य होय, असे त्याचे मत. मराठी समीक्षेने हा निवाडा फेरतपासणीशिवाय स्वीकारला, असे म्हणावे लागते. कूट, हुमाण, उखाणा यांचा विचार लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे गेला आणि वृत्तपत्रातील शब्दकोड्याचा विचार कोणाकडेच गेला नाही.

या निवाड्याच्या विरुद्ध बाजूस दण्डी उभा आहे. 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात तो प्रहेलिकेचे तीन उपयोग सांगतो: क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीतही जाणकारांचे आपसांतील गुप्त भाषण, आणि इतरांना चकवणे. हे समर्थन वरवर पाहता फार माफक वाटते. वस्तुतः त्यात एक मूलगामी भेद दडलेला आहे. भामह व विश्वनाथ प्रहेलिकेकडे एकट्या वाचकासमोरील श्लोक म्हणून पाहतात. दण्डी तिच्याकडे मंडळीत घडणारा व्यवहार म्हणून पाहतो. घालणारा, सोडवणारा आणि भोवती बसून ऐकणारे असे तिघे असल्याशिवाय ती पुरी होत नाही. बाणाच्या 'कादंबरी'तील शूद्रक राजा ज्या करमणुकींत वेळ घालवतो त्यांत अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद यांची गणना आहे. 'कामसूत्रा'च्या चौसष्ट कलांतही प्रहेलिका आहे. दोन्हीकडे तिचे स्थान नागर सहवासाच्या साधनांत आहे.

कोड्यांचे संग्रह छापताना कोड्याखालीच उत्तर देण्याची जी पद्धत रूढ झाली, ती या दृष्टीने घातक होय. उत्तर आधी कळलेले कोडे म्हणजे एक विचित्र वर्णन, यापलीकडे काही उरत नाही. अशा मृत अवस्थेत पाहिलेल्या प्रकाराला समीक्षक नीरस म्हणतो, यात नवल कसले? याउलट 2021 मध्ये जोश वॉर्डलने सर्वांसाठी खुल्या केलेल्या 'वर्डल' या इंग्रजी शब्दखेळाचे उदाहरण पाहावे. रोज सर्वांना एकच पाच अक्षरी शब्द, ओळखण्यास सहा प्रयत्न, आणि आपला प्रवास इतरांना दाखवायचा तो फक्त रंगीत चौकोनांनी. उत्तर फुटत नाही. गोष्ठीची मर्यादा राखून गोष्ठी जमवण्याची ही युक्ती दण्डीला सहज पटली असती.

परंतु दण्डीचे महत्त्व केवळ या सामाजिक दृष्टीत नाही. पूर्वाचार्यांनी सोळा प्रहेलिका सांगितल्या आणि आणखी चौदा दुष्ट प्रहेलिका मोजल्या, असे नमूद करून तो म्हणतो की दोष तर अगणितच असतात, म्हणून आपण साधु प्रहेलिकांचेच विवेचन करू. ज्या लक्षणात बसत नाहीत त्या दुष्ट. म्हणजे चकवणे हा हेतू मान्य करूनही चकवण्याला नियम आहे, असे त्याला म्हणायचे आहे. शब्द संधीत लपवावा (समागता), रूढ अर्थाने दिशाभूल करावी (वंचिता), वर्णांची मोजदाद द्यावी (संख्याता). पण सोडवणाऱ्याला परतीची वाट असली पाहिजे. या संदर्भात इंग्रजी शब्दकोड्याचा इतिहास उद्बोधक आहे. 21 डिसेंबर 1913 रोजी आर्थर विन याने 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले शब्दकोडे प्रसिद्ध केले तेव्हा त्यात साधे अर्थ विचारलेले होते. पुढे इंग्लंडमध्ये 'टॉर्कमाडा' या टोपणनावाने 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी रचणाऱ्या पोविस मॅथर्स याने गूढ संकेतांची परंपरा रुजवली. त्याच्या जागी आलेला 'झिमेनिस', म्हणजे डी. एस. मॅकनट, याने 1966 च्या ग्रंथात संकेताची न्याय्यता ठरवून टाकली: अचूक अर्थ, न्याय्य शब्दक्रीडा आणि याखेरीज काहीही नाही. येथे प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. बाराशेहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन परंपरा एकाच निकषाशी पोहोचल्या, एवढेच दिसते.

दण्डीचे 'संख्याते'चे उदाहरण या निकषावर घासून पाहण्याजोगे आहे. एक नगरी आहे. तिच्या मध्यभागी अनुनासिक आहे, ती सभोवती चार वर्णांनी शोभते, आणि तेथील राजांचे नाव आठ वर्णांचे आहे. टीकाकारांची उकल अशी: नगरी काञ्ची, तिच्यात मध्ये ञ्, अलीकडे क् व आ, पलीकडे च् व ई, राजे पल्लव, आणि 'पल्लवाः' या अनेकवचनी रूपात वर्ण आठ. 'वर्ण' या एकाच शब्दावर येथे सारा डोलारा उभा आहे. चातुर्वर्ण्याने शोभणारी नगरी हा ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम उभा राहणारा अर्थ. ध्वनींनी घडलेले नाव हा दडलेला अर्थ. पहिला अर्थ खोटा ठरत नाही. तत्कालीन समजुतीप्रमाणे नगरी चारही वर्णांनी शोभणारीच असते. म्हणून उत्तर सापडल्यावर श्लोक गळून पडत नाही, उलट तो पुन्हा वाचावासा वाटतो. विश्वनाथाच्या आक्षेपाला यात अर्धे उत्तर आहे. अर्धेच, कारण तिसऱ्या वाचनात हाती फारसे काही लागत नाही, आणि उत्तम काव्य तर तिसऱ्या वाचनातच उघडू लागते.

मराठी शब्दकोड्याकडे वळल्यावर मात्र एक वेगळीच अडचण पुढे येते. रोमन लिपीतील चौकोनात एक वर्णचिन्ह बसते. मराठी चौकोनात पूर्ण अक्षर बसते, मग तो नुसता 'क' असो वा 'त्स्ना' असो. उभ्या-आडव्या शब्दांच्या छेदावर 'वि' ला 'वी' चालत नाही. 'ज्योत्स्ना' दोन घरांत मावते, पण तिच्या दुसऱ्या घराला छेद देणारा शब्द शोधताना कोडेकाराची दमछाक व्हावी. परिणामी कोडेकार 'नगर', 'कमल', 'नयन', 'पवन' अशा बिनमात्रेच्या तीन अक्षरी शब्दांकडे पुनःपुन्हा ओढला जातो, आणि संकेतही बहुधा प्रतिशब्दाचा असतो: कमळाला पंकज, वाऱ्याला पवन. बहुतेक मराठी शब्दकोडी म्हणूनच कोशाच्या पाठांतराची परीक्षा होऊन बसली आहेत. सोडवणाऱ्याला शब्द आठवावा लागतो. उलगडावा लागत नाही.

लिपीची मर्यादा हे याचे कारण खरे, पण पुरेसे नव्हे. प्राचीनांनी याच लिपीव्यवस्थेतून खेळाच्या निरनिराळ्या पातळ्या शोधल्या होत्या. अक्षराची पातळी घ्यावी, तर 'रवी' उलटा फिरवला की 'वीर' होतो, 'नदी'चा 'दीन' होतो. मात्रा गाळली की 'कार'चा 'कर' राहतो. बिंदू गाळण्याचा प्रकार तर मराठीला विशेष मानवतो. 'कुळाने बिंदू गमावला की ते दुसऱ्याच्या अधीन होते' असा संकेत दिला, तर 'वंश'चा 'वश' होतो; अर्थ आणि क्रिया दोन्ही त्याच वाक्यात आहेत. वंचितेच्या वाटेने जायचे तर 'जो भरावा लागतो आणि ज्याने भरावा लागतो, ते दोन्ही एकच' एवढे म्हटले, की 'कर' या शब्दाचे दोन्ही अर्थ कामाला लागतात. हे संकेत काही थोर नव्हेत. पण झिमेनिसच्या आणि दण्डीच्याही कसोटीला ते उतरतात आणि सोडवणाऱ्याकडून कोशाऐवजी कान मागतात.

भामहाचे शल्य मात्र याने निघत नाही. दण्डीच्या गोष्ठीत जाणकार आत आणि इतर बाहेर, ही विभागणी गृहीतच आहे. गूढ संकेतांचे कोडे रूढ झाले तर आज बस-आगगाडीत पेन्सिल घेऊन बसणारा सामान्य वाचक त्याच्याबाहेर पडेल, ही भीती खोटी नाही. प्रतिशब्दांच्या कोड्याची लोकप्रियता त्याच्या सर्वसुलभतेत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि घरोघरी मुलांनी एकमेकांना घातलेली हुमाणे प्रतिशब्द विचारत नाहीत. ती चकवतात, आणि चकलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी तेच हुमाण इतरांना घालतो. तेथे बाहेरचा एका रात्रीत आतला होतो. उत्तर कळणे हीच पुढच्या बैठकीची पात्रता ठरते. भामहाने ज्यांना 'मारले गेलेले' म्हटले, त्यांच्यासाठी गोष्ठीत ही सोय होती, आणि ग्रंथात ती नव्हती.

काञ्चीचे उदाहरण मात्र मराठी चौकटीत जसेच्या तसे बसणार नाही. पाच वर्णांची ती नगरी तेथे दोन घरांत राहील. शिवाय प्रचलित मराठी लेखनात ती 'कांची' होते, आणि दण्डीने मध्यभागी वसवलेले अनुनासिक पहिल्या घराच्या माथ्यावरचा टिंब होऊन बसते.