यादी वाचताना तिष्ठायचे कोणी?

'युनिक्समध्ये सारे काही फाइलच असते' हे वाक्य आपण शिक्षक वर्गात सहज सांगून जातो. वाक्य सुटसुटीत आहे. पण डिरेक्टरी, म्हणजे फाइलींची यादी, वाचताना ते अपुरे पडते.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखे जुने, मोठे ग्रंथालय डोळ्यांपुढे आणा. सूचीच्या कार्डांचा खण एका वाचकाने ओढून घेतला आहे. दुसऱ्याला त्याच खणातले कार्ड हवे असेल तर तो तिष्ठत उभा राहतो. 'खण मोकळा नाही, तोवर दुसरे काम उरका, झाला की सांगतो' असे कोणी म्हटले तर त्याचा वेळ वाचेल. पहिले झाले अडवणारे वाचन, दुसरे न अडवणारे.

हा वेळ क्षुल्लक नाही. फिरत्या तबकडीवर माहिती शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला १०० कोटी क्रिया करणारा प्रोसेसर तेवढ्यात १ कोटी क्रिया उरकतो.

तरीही यादीची उपेक्षाच झाली. १९९३ च्या पॉझिक्स प्रमाणकात फाइलींच्या न अडवणाऱ्या वाचन-लेखनाची सोय आली, डिरेक्टरीची नाही. २०१९ मध्ये येन्स अ‍ॅक्सबो यांची 'आयओ-युरिंग' ही व्यवस्था लिनक्स ५.१ मध्ये आली. तीत प्रोग्रॅम मागण्या एका रांगेत ठेवतो व उत्तरे दुसऱ्या रांगेतून उचलतो. पुढे फाइल उघडणे, पुसणे, नवी डिरेक्टरी करणे यांची तीत भर पडली. डिरेक्टरी वाचण्याचे प्रस्ताव २०२१ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये आले. पण ते तेव्हा लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, स्वीकारले गेले नाहीत.

अडचणी खऱ्या आहेत. यादी वाचताना डिरेक्टरीला कुलूप लागते. 'कुठवर वाचले' ही खूण, म्हणजे कार्डांवर ठेवलेले बोट, कर्नल सांभाळतो; एकाच उघडलेल्या डिरेक्टरीवर दोन मागण्या एकदम आल्या तर बोट कोणाचे? शिवाय ईएक्सटी-४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या प्रत्येक फाइल-व्यवस्थेची याद्या ठेवण्याची रीत निराळी. म्हणून कर्नल सांभाळणाऱ्यांची सावधगिरी आम्हांला समजते.

मात्र 'काम कर्नलमधल्या मदतनीसावर सोपवा, म्हणजे झाले' हे उत्तर आम्हांला पटत नाही. वाचकाऐवजी शिपाई खणापाशी उभा राहिला. तिष्ठणे संपले नाही, माणूस तेवढा बदलला. शंभर मागण्या अडल्या तर शंभर शिपाई अडकतील. आणि यादी आधीच स्मृतीत असेल, तर शिपाई धाडण्याचा खटाटोपही वायाच. योग्य क्रम असा: आधी स्मृतीत पाहावे, सापडल्यास तत्काळ द्यावे, न सापडल्यासच मदतनीस बोलवावा. त्यासाठी प्रत्येक फाइल-व्यवस्थेला 'आत्ता तयार नाही' असे स्पष्ट सांगता आले पाहिजे. खरे काम तिथे आहे, आणि ते कष्टाचे आहे.

वर्गात याचा पडताळा घेता येईल. संगणक नुकताच सुरू केल्यावर हजारो फाइलींची डिरेक्टरी उघडून वेळ मोजावा, मग लगेच पुन्हा मोजावा. दुसऱ्या खेपेला यादी बहुधा स्मृतीतून येते, म्हणून वेळ कमी लागतो. पडदा थिजला की 'संगणक जुना झाला' म्हणण्याआधी विद्यार्थ्यांनी विचारावे: इथे कोण कोणासाठी थांबले आहे?