वाचलेच पाहिजे : पण कशानंतर?

'वाचलीच पाहिजेत अशी दहा पुस्तके' ही यादी दरवर्षी कुठे ना कुठे वाचायला मिळते. तीत पुस्तकांची नावे असतात. ती कोणी वाचायची आणि कशानंतर, हे नसते. यवतमाळ जिल्ह्यात राहून अशी शिफारस करताना माझ्याकडून झालेल्या एका चुकीतून हे टिपण सुचले.

काही वर्षांपूर्वी वाचनालयात येणाऱ्या एका मुलाला मी सदानंद देशमुखांची 'बारोमास' दिली. मुलगा बी.ए. झालेला, घरी कोरडवाहू कापूस. आठवड्यातच त्याने ती परत आणली. म्हणाला, "सर, हे तं आमच्या घरचंच हाये. पुस्तकात कायले वाचू?" मला उत्तर सुचले नाही. दूरच्या वाचकाला ही कादंबरी नवे जग दाखवते. या मुलाला ती त्याचेच घर दाखवत होती.

पुढे लक्षात आले की चूक पुस्तकाची नव्हती, क्रमाची होती. आता मी तीन पुस्तके सुचवतो आणि ती याच क्रमाने वाचावीत असा आग्रह धरतो : 'शेतकऱ्याचा असूड', 'धग', 'बारोमास'.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेला 'असूड' दैन्याचे वर्णन करून थांबत नाही, कारणे मांडतो. धर्मविधींच्या नावाने होणारी लुबाडणूक, अंमलदारांची मनमानी, वाढता सारा, जंगलखात्याने हिरावलेली चराई. उपायही तो तपशिलात सांगतो. पाणी जमिनीत मुरावे म्हणून ताली-बंधारे, जनावरांची चांगली पैदास, कुणब्यांच्या मुलांना शिक्षण. ही भाषा इतकी रोखठोक होती की 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे सुरुवातीचा भाग छापून थांबले. आपल्या घरातल्या अडचणीला कारणे असतात, ती नशिबाची गोष्ट नव्हे, हे इथल्या तरुणाला आधी कळले पाहिजे. म्हणून 'असूड' पहिला.

'असूड' समाजाविषयी बोलतो. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) एका उंबरठ्याच्या आत जाते. घर शिंप्याचे, शेतमालकाचे नव्हे. नवरा महादेव खचलेला, संसार ओढणारी कौतिक. संवाद वऱ्हाडी असल्याने आमच्याकडचा वाचक ते कानाने वाचतो. दारिद्र्याचा हिशेब शेवटी घरातली बाई चुकता करते, हे ही कादंबरी कुठलेही भाष्य न करता दाखवते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी महिलेने केले. त्यांच्या पतीने आत्महत्या केली होती. मागे उरलेल्या बाईला व्यासपीठ मिळाले ते तेव्हा. तिच्याकडे कसे पाहावे, हे मराठी कादंबरीने जवळजवळ साठ वर्षे आधी शिकवले होते.

यानंतर 'बारोमास' (२००२) हाती घेतली की ती वेगळी दिसते. तिला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो बहुतेकांना शेतकऱ्याच्या दुःखाचा गौरव वाटतो. मला मात्र तिचा खरा विषय शिक्षण वाटतो. एकनाथ शिकला आहे. नोकरीसाठी पैसा हवा, तो नाही. शेतीत राबावे तर ती पुरत नाही. फुल्यांनी ज्या शिक्षणावर भिस्त ठेवली, त्याची ११९ वर्षांनंतरची ही अवस्था. मग फुले चुकले का? मला तसे वाटत नाही. त्यांनी पाणी, जनावरे, सारा आणि शिक्षण यांचा एकत्र विचार केला होता. त्यातले एक उचलून बाकीची सोडली की काय उरते, ते एकनाथकडे पाहून कळते. 'धग' आधी वाचली असेल तर 'बारोमास'ची मर्यादाही जाणवते. एकनाथची बायको अलका आपल्याला बहुतांशी त्याच्या बाजूनेच दिसते. तिची घुसमट कौतिकच्या घुसमटीइतकी आतून उमगत नाही.

त्या मुलाची गोष्ट राहिली. दोन पावसाळ्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा मी त्याला 'असूड' दिला. सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली होती, त्या धांदलीत त्याने तो परत केला. पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करू नयेत म्हणून मी त्याला रागावलो. नंतर चाळून पाहिले तर बहुतेक खुणा ताली-बंधाऱ्यांच्या मजकुराशेजारी होत्या. जाताना त्याने 'धग' नेली, आणि तिच्यानंतरसाठी 'बारोमास' बाजूला काढून ठेवायला सांगितली.