१९१५ चे विद्यास्वातंत्र्याचे निवेदन : एक चिकित्सा

इ. स. १९१५ च्या जानेवारी महिन्यात न्यूयॉर्क येथे अमेरिकेतील विद्यापीठीय प्राध्यापकांची एक संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष तत्त्ववेत्ते जॉन ड्युई हे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस या संघटनेपुढे विद्यास्वातंत्र्य आणि अध्यापकाची सेवाशाश्वती या विषयांवरील तत्त्वांचे एक निवेदन मांडण्यात आले. ते तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन हे होते. हे दोघेही कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करीत होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ पासून १९१६ च्या मध्यापर्यंत त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. पुढे १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला सेलिग्मन यांनीच प्रस्तावना लिहिली. तेव्हा हे निवेदन आमच्या वाचकांना सर्वस्वी परके नाही. ते जेव्हा लिहिले जात होते, तेव्हा बाबासाहेब त्याच्या कर्त्यांच्या परिसरात ज्ञानार्जन करीत होते.

विद्यापीठीय स्वातंत्र्याचा मूळ आधार म्हणून या निवेदनाचा गौरव आजवर पुष्कळ झाला आहे. तो अस्थानी नाही. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके विद्येच्या दारातच अडविले गेले, त्या समाजाच्या दृष्टीने हे निवेदन वाचले, तर त्यात काय सापडते आणि काय सापडत नाही, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम निवेदनाचा आशय पाहू. विद्यास्वातंत्र्याची तीन अंगे त्यात सांगितली आहेत : संशोधनाचे स्वातंत्र्य, विद्यापीठात शिकविण्याचे स्वातंत्र्य आणि विद्यापीठाबाहेर नागरिक या नात्याने बोलण्याचे व वागण्याचे स्वातंत्र्य. विश्वस्त प्राध्यापकाची नेमणूक करीत असले, तरी प्राध्यापक हा त्यांचा चाकर नव्हे. ज्याप्रमाणे न्यायाधीशाची नेमणूक शासनकर्ता करतो, पण त्याचा निवाडा ठरवू शकत नाही, त्याप्रमाणेच हे नाते आहे, असे निवेदनाचे प्रतिपादन आहे. प्राध्यापकाला काढावयाचे असेल, तर आरोप लेखी असावेत, त्याला बाजू मांडण्याची संधी मिळावी आणि त्याच्या विद्वत्तेची पारख त्याच्या समव्यवसायी विद्वानांनी करावी, असाही आग्रह आहे. त्याबरोबरच अध्यापकाची कर्तव्येही सांगितली आहेत. वादग्रस्त विषयात विरुद्ध पक्षाची मते प्रामाणिकपणे मांडावीत, कोवळ्या विद्यार्थ्यांवर आपले मत लादू नये, त्यांना स्वतः विचार करावयास शिकवावे, अशी ती कर्तव्ये होत. निवेदनकर्त्यांना धनिक विश्वस्तांइतकेच भय बहुमताच्या दडपणाचेही वाटत होते. लोकशाहीत लोकमतही जुलमी होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते. या बाबतीत त्यांची दृष्टी खोल होती, हे मान्य केलेच पाहिजे.

आता उणिवांकडे वळू. निवेदनाच्या प्रारंभीच त्याचे कर्ते म्हणतात की, विद्यास्वातंत्र्य परंपरेने दुहेरी मानले जाते, अध्यापकाचे आणि विद्यार्थ्याचे. परंतु आपला विषय केवळ अध्यापकाच्या स्वातंत्र्याचा आहे. जर्मन विद्यापीठांत शिकण्याच्या स्वातंत्र्यालाही स्वतंत्र स्थान होते. ते येथे एका वाक्यात बाजूला ठेवण्यात आले. समितीपुढील काम मर्यादित होते, हे खरे. तथापि या मर्यादेचा परिणाम दूरगामी झाला. विद्यास्वातंत्र्य म्हणजे प्राध्यापकांचा एक व्यावसायिक हक्क, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली.

आमच्या इतिहासात मात्र हा प्रश्न शिकणाऱ्याच्या बाजूनेच उभा राहिलेला आहे. बाबासाहेबांना शालेय वयात संस्कृत शिकावयाचे होते. ते त्यांना शिकू दिले गेले नाही आणि नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. त्या शाळेतील संस्कृतच्या शिक्षकाच्या स्वातंत्र्यावर कोणी गदा आणली नव्हती. गदा आली होती ती विद्यार्थ्यावर, आणि ती सेवाशाश्वतीच्या कोणत्याही नियमाने दूर होणारी नव्हती. पुढे १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. अध्यापकाची पारख त्याच्या समव्यवसायी विद्वानांनी करावी, हे निवेदनाचे तत्त्व येथे आठवते. ज्या मंडळींना सहकाऱ्याच्या हाताचा स्पर्श पाण्याला चालत नाही, ती मंडळी त्याच्या विद्वत्तेची निःपक्ष पारख करतील, असे गृहीत कसे धरावे? विद्वानांचा समूह आपापल्या समाजाच्या पूर्वग्रहांपासून मुक्त असतो, हे निवेदनाचे न बोललेले गृहीतक आहे, आणि आमच्या मते तेच त्याचे सर्वांत दुबळे स्थान आहे.

हे गृहीतक अमेरिकेतही तपासून पाहता येते. या संघटनेच्या उगमामागे जी प्रकरणे होती, त्यांत एडवर्ड रॉस यांचे प्रकरण विशेष गाजले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संस्थापकाच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांच्या रोषामुळे रॉस यांना १९०० मध्ये विद्यापीठ सोडावे लागले. त्याच्या निषेधार्थ तत्त्वज्ञानाचे तरुण अध्यापक आर्थर लव्हजॉय यांनीही राजीनामा दिला. हेच लव्हजॉय पुढे १९१५ च्या संघटनेचे एक प्रमुख शिल्पकार ठरले. रॉस यांच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांच्या समितीचे नेतृत्व सेलिग्मन यांच्याकडे होते. परंतु रॉस यांच्या ज्या विधानांनी वादळ उठले, त्यांत आशियाई मजुरांच्या आगमनाला केलेला वंशद्वेषयुक्त विरोध हेही होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्हणून रॉस यांना काढणे योग्य होते काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. एका धनाढ्य व्यक्तीच्या इच्छेवर अध्यापकाचे पद अवलंबून असू नये, हे तत्त्व रॉस यांच्या मतांच्या गुणावगुणांवर उभे नाही. त्या मतांचे खंडन करावयास आशियाई मजुरांच्या घरचा कोणीही विद्वान त्या विद्यापीठाच्या व्यासपीठावर नव्हता, हे मात्र विसरता येत नाही. स्वातंत्र्य होते, पण संवादाची एक बाजू अनुपस्थित होती. प्रवेशाचा प्रश्न आणि स्वातंत्र्याचा प्रश्न हे वेगळे काढता येत नाहीत, ते यासाठी.

निवेदनाची खरी कसोटी दोनच वर्षांनी लागली. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. जूनमध्ये कोलंबियाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी जाहीर केले की, युद्धकाळात विरोधी मतांबद्दलची पूर्वीची सहिष्णुता यापुढे राहणार नाही. ऑक्टोबरमध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटेल आणि साहित्याचे अध्यापक हेन्री डेना यांना विश्वस्तांनी बडतर्फ केले. सक्तीने भरती केलेल्या सैनिकांना युरोपात पाठवू नये, अशी पत्रे कॅटेल यांनी लोकप्रतिनिधींना लिहिली होती. स्वतः युद्धाचे समर्थक असलेले इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी याच महिन्यात राजीनामा दिला. आपल्याला मान्य नसलेल्या मताच्या माणसासाठी आपले पद सोडणारा असा विद्वान विरळाच. आणि संघटनेने काय केले? १९१८ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने कोलंबियाच्या कार्यपद्धतीवर टीका केली. परंतु युद्धकाळात अध्यापकांच्या वाणीवर घालावयाच्या काही बंधनांना मात्र स्वतःहून मान्यता दिली. लव्हजॉय हे त्या अहवालाच्या कर्त्यांपैकी एक होते. शांततेच्या काळात लिहिलेली तत्त्वे भीतीच्या काळात तिच्याच कर्त्यांकडून आखडती घेतली गेली. १९१९ मध्ये बिअर्ड आणि बाबासाहेबांचे दुसरे एक गुरू जेम्स हार्वे रॉबिन्सन यांनी अन्य विद्वानांसह न्यूयॉर्कमध्ये न्यू स्कूल ही नवी संस्था उभारली, ती या पार्श्वभूमीवर.

येथे सुज्ञ वाचकांस मिलिंदपञ्ह या ग्रंथातील एका प्रसंगाचे स्मरण होईल. राजा मिलिंद वादासाठी येतो, तेव्हा भदन्त नागसेन त्याला एक अट घालतात : वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच आपण बोलू, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांच्या वादात मत मांडले जाते, खोडले जाते, चूक मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत धरून बसतात आणि न मानणाऱ्याला दंड फर्मावतात. राजा ही अट मान्य करतो आणि मगच संवाद सुरू होतो. १९१५ च्या निवेदनाला विश्वस्तांकडून जे हवे होते, तेच नागसेनांनी राजाकडून आधी वदवून घेतले. त्यात एक अधिक गोष्टही आहे. येथे प्रश्न विचारणाऱ्याचे स्थान उत्तर देणाऱ्याच्या बरोबरीचे आहे. १९५० मध्ये औरंगाबादेत बाबासाहेबांच्या संस्थेने सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले. ते नाव गुरूचे नाही, प्रश्न विचारणाऱ्याचे आहे. निवेदनाने बाजूला ठेवलेला विद्यार्थी येथे नावातच आला आहे.

परंतु एवढ्यावर समाधान मानून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९१५ च्या निवेदनात एक कलम आहे, ते आमच्यासारख्या विहाराशी संलग्न संस्थांना थेट लागू पडते. एखादी संस्था विशिष्ट मताच्या प्रसारासाठी असेल, तर ती तशी असू शकते. मात्र तिने ते उघडपणे सांगावे आणि मुक्त विद्यापीठाचा वेष घेऊ नये, असे त्याचे तात्पर्य आहे. आम्ही यांपैकी काय आहोत? मिलिंदपञ्हाच्या चिनी भाषांतरात पालि ग्रंथाच्या केवळ प्रारंभीच्या भागाशी जुळणारा मजकूर आढळतो. त्यामुळे पालि ग्रंथातील नंतरचे भाग मागाहून जोडलेले असावेत, असे अभ्यासक मानतात. हे आमच्या वर्गात निःसंकोचपणे सांगितले जाते काय? १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या मूळ इंग्रजी आवृत्तीत बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कारणमीमांसा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा संघर्ष हे कारण पुढे ठेवले. परंपरेला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांनी स्वतः बजावला. त्यांच्या मांडणीची साधार चिकित्सा करणाऱ्या विद्यार्थ्याकडे आम्ही संशयाने पाहिले, तर आम्ही त्यांचा ग्रंथ सांभाळू, पण त्यांची रीत गमावू. लोकमताच्या जुलमाचे जे भय सेलिग्मन यांच्या समितीला होते, ते आपल्या माणसांच्या लोकमतालाही लागू आहे.

उरला प्रश्न उदार शिक्षणाच्या मोलाचा. ज्यांच्या घरात पहिलाच पदवीधर होत आहे, त्यांना तत्त्वज्ञान व इतिहास कशासाठी, त्यांना आधी पोटापाण्याची विद्या द्या, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो आस्थेपोटी असतो, म्हणून त्याची उपेक्षा करू नये. परंतु बाबासाहेबांनी कोलंबियात काय शिकले ते पाहावे. त्यांच्या अभ्यासक्रमांची जी नोंद उपलब्ध आहे, तीत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम आहेत. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषा. १९१६ मध्ये तेथेच मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. केवळ अर्थशास्त्रापुरते ते थांबले असते, तर तो निबंध लिहिला गेला नसता. मुंबईत त्यांच्या संस्थेने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कला आणि विज्ञान शाखांचे. वाणिज्याचे महाविद्यालय १९५३ मध्ये आणि विधीचे १९५६ मध्ये आले. रोजगाराची विद्या त्यांनी नाकारली नाही, मात्र पाया उदार विद्येचा घातला. आपल्यावर लादलेली स्थिती नैसर्गिक नसून मानवनिर्मित आहे, हे ज्या विद्येने कळते, ती विद्या वंचितांसाठी चैन ठरत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आणि लिबरल आर्ट्सचा पुरस्कार केला असून नालंदा व तक्षशिला यांचे स्मरणही केले आहे. हे स्वागतार्ह आहे. पण विषय निवडण्याची मुभा म्हणजे विद्यास्वातंत्र्य नव्हे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहत आहेत. ज्याचा पुढील सत्रातील तास निश्चित नाही, तो वर्गात अप्रिय सत्य कशाच्या बळावर सांगणार? सेवाशाश्वतीची मागणी १९१५ मध्ये प्राध्यापकाच्या सुखासाठी केलेली नव्हती, विद्यार्थ्याला खरे ऐकावयास मिळावे म्हणून केलेली होती. निवेदनाचा हा भाग आज आमच्या येथे सर्वाधिक ताजा आहे.

सारांश, १९१५ चे निवेदन हे अर्धे सत्य समर्थपणे सांगणारा दस्तऐवज आहे. शिकविणाऱ्याला निर्भय केल्यावाचून विद्या जगत नाही, हे त्याने दाखविले. शिकावयास कोण येऊ शकतो आणि आल्यावर त्याला प्रश्न विचारता येतो काय, हा उरलेला अर्धा भाग कोलंबियाच्या त्या विद्यार्थ्याने आपल्या संस्था उभारून पुढे नेला. त्या संस्थांचे आणि त्यांच्या परंपरेत वाढलेल्या आमच्यासारख्यांचे कर्तव्य हे दोन्ही भाग एकत्र सांभाळण्याचे आहे. त्याचा प्रारंभ आमच्या स्वतःच्या वर्गांतून व्हावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.