‘पूर्व-सिनेमा’ या शब्दाचं काय करायचं?

चित्रपटावर संशोधन करायचं ठरवून सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिल्या प्रकरणातला एक परिच्छेद जवळपास ठरलेला असतो. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, मॅजिक लँटर्न, कल्याणची शांबरिक खरोलिका, मग ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म्स, मग सावेदादा, आणि शेवटी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. जणू हे सगळे फाळक्यांची वाट बघत रांगेत उभे होते. हा परिच्छेद तुम्ही लिहू नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण वस्तूंमध्ये आहे. या काळाच्या वस्तू आपण कशा गोळा करतो आणि त्यांच्यावर कुठली चिठ्ठी चिकटवतो, ते जरा नीट बघू.

खरोलिकेपासून सुरुवात करू. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये हा खेळ सुरू केला. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, ती पडद्यावर टाकणारे दिवे, जोडीला निवेदन आणि संगीत. कथा रामायण-महाभारतातल्या, म्हणजे प्रेक्षकांना आधीच पाठ असलेल्या. एका चित्रातून दुसऱ्यात सरकत जायचं असेल तर एकाहून जास्त दिवे लागतात: एकाचा उजेड कमी करत न्यायचा, त्याच वेळी दुसऱ्याचा वाढवायचा. चित्रात हालचाल हवी तर एका काचेवर दुसरी काच सरकवायची. आता विचार करा, हे सगळं हाताने, अंधारात, निवेदनाच्या तालावर करायचं. यंत्र चालवणारा माणूस इथे वादकासारखा आहे.

या खेळाच्या काचा पटवर्धन घराण्यात जपल्या गेल्या, आणि हे नशीब साधं नाही. का, ते सांगतो. समजा हाच संच तुकड्या-तुकड्याने बाजारात गेला असता. मुंबईच्या चोरबाजारात जुनी पोस्टरं, कॅमेरे, प्रोजेक्टर विकले जातात, तशी एकेक काच ‘अँटीक’ म्हणून सुटी विकली गेली असती. काच शाबूत राहिली असती, रंगही राहिले असते. पण कुठल्या चित्रानंतर कुठलं, हा क्रम गेला असता. आणि क्रम गेला की उरतो तो चित्रांचा ढीग. पिंगुळीच्या चित्रकथीचं बऱ्याच प्रमाणात हेच झालेलं आहे. तिथे कथेचं एकक म्हणजे पोथी, पण पोथ्यांमधली पानं संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत सुटी सुटी, काचेच्या चौकटीत दिसतात. सुंदर दिसतात, यात वादच नाही. फक्त भिंतीवर टांगलेलं पान उलटता येत नाही, आणि चित्रकथीचा अख्खा खेळ पान उलटण्यावर उभा आहे.

म्हणून कुठल्याही संग्रहात गेलात की ‘वस्तू किती जुनी’ याच्या आधी विचारा: ती कशासोबत मिळाली? कुठल्या पेटीत, कुठल्या क्रमाने, पेटीवर काही आकडे किंवा खुणा होत्या का? नोंदवहीत ‘काचचित्र, रंगीत, एक नग’ एवढंच असेल तर समजून जा की अर्धं आधीच हरवलंय. (आणि हो, हाताने रंगवलेली काच ओल्या फडक्याने पुसायची नाही. रंग सुटून येतात. हे सांगायची वेळ येते, म्हणून सांगतोय.)

आता ‘पूर्व’ या शब्दाकडे. कालक्रमाने बघितलं तर खरोलिका १८९६ च्या चार वर्षं आधीची, म्हणजे ‘पूर्व’ बरोबरच, असं तुम्ही म्हणाल. पण काचेवरची चित्रं पडद्यावर टाकणं सिनेमा आल्यावर थांबलं कुठे? आपल्या आई-वडिलांच्या पिढीने थिएटरमध्ये इंटरव्हलला साडीच्या दुकानाच्या, टूथपावडरच्या ‘स्लाइड’ बघितल्यात. त्याही उजेडातून पडद्यावर टाकलेल्या काचाच. दोन्ही तंत्रं एकाच छताखाली, कितीतरी दशकं शेजारी शेजारी चालली. म्हणजे ‘पूर्व’ हा शब्द काळ सांगत नाही, मान सांगतो. आणि ज्याला आपण नुसता पूर्वज मानतो, त्याच्याकडून फक्त वंशजाच्या खुणा गोळा करतो: हालचाल होती का, पडदा होता का. निवेदकाचं काय, त्याची वही असेल तर कुठे आहे, पेटी-तबल्यावर कोण होतं, तिकीट होतं का, हे विचारलंच जात नाही. जे विचारलं जात नाही ते गोळा होत नाही, आणि जे गोळा होत नाही त्यावर तुमच्यानंतरच्या विद्यार्थ्याला पीएचडी करता येत नाही.

एवढं म्हटल्यावर ज्याच्यासाठी ही रांग लावली तो ‘राजा हरिश्चंद्र’ तरी आपल्याकडे आहे का? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, मिळून सुमारे १४७५ फूट. मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारे ३७०० फुटांचा. पण फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली, आणि काही इतिहासकारांच्या मते उरलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत. मला हा वाद फार मोलाचा वाटतो. देशातली सगळ्यात पूजनीय फिल्म, आणि तिच्या डब्यावर कुठलं साल लिहायचं यावर एकमत नाही! तरी लेखांत, पोस्टरांवर, यूट्यूबवर १९१३ बिनधास्त छापलं जातं. कारण आपल्याला ‘पहिला’ हवा असतो, आणि ‘पहिला’ म्हटलं की साल एकच लागतं.

बरं, त्याची लांबी किती? बहुतेक ठिकाणी ‘सुमारे ४० मिनिटं’ असं सापडेल. हिशोब करून बघा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. मूकपटाच्या काळातला सर्वसाधारण वेग सेकंदाला १६ चौकटींच्या आसपास, म्हणजे सेकंदाला एक फूट. ३७०० फूट म्हणजे तासाभरापेक्षा थोडं जास्त. ४० मिनिटं येतात ती बोलपटाच्या, सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने. त्या वेगात चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि आपण म्हणतो, जुने सिनेमे असेच असायचे. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, प्रोजेक्टरही बरेचदा हातानेच. वेग ही हाताची गोष्ट होती, खरोलिकेतल्या त्या सरकत्या काचेसारखीच.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये या फिल्मचा उल्लेख येणारच. तिथे साल लिहिताना ‘१९१३ / १९१७’ असं लिहा, आणि लांबी मिनिटांत न देता फुटांत द्या. गाइडने विचारलंच, तर वरचा हिशोब कागदावर मांडून दाखवा.