समीक्षा म्हणजे सारांश नव्हे : फ्रंटियर ऑइल सँड्स खाणीच्या अहवालाचं उदाहरण

पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाइडनी मला एका पेपरची समीक्षा लिहायला सांगितली. मी चार पानं लिहून नेली. त्यांनी ती वाचून एवढंच विचारलं, "हा सारांश झाला. तुझं म्हणणं कुठे आहे?" तुमच्यापैकी अनेकांची गाडी इथेच अडत असणार. म्हणून आज एका खऱ्या अहवालाची समीक्षा करून बघू.

अहवाल कॅनडाचा आहे. अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅकमरेच्या उत्तरेला साधारण 110 किलोमीटरवर टेक रिसोर्सेस ही कंपनी 'फ्रंटियर' नावाची उघडी खाण सुरू करणार होती. तिथल्या वाळूत डांबरासारखं घट्ट बिटुमेन असतं. वरचं जंगल आणि दलदल काढायची, वाळू खणायची, गरम पाण्याने बिटुमेन वेगळं करायचं. एका बॅरलसाठी साधारण दोन टन वाळू उपसावी लागते. आवाका किती? सुमारे 290 चौरस किलोमीटर जमीन, दिवसाला 2,60,000 बॅरल, जवळपास 40 वर्षं.

केंद्र आणि प्रांताच्या संयुक्त समितीने जुलै 2019 मध्ये 1,300 हून जास्त पानांचा अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की दलदली, जुनी जंगलं, जैवविविधता आणि आदिवासी समुदायांची संस्कृती यांवर लक्षणीय वाईट परिणाम होतील. तरीही प्रकल्प जनहिताचा आहे. समितीने नुकसान लपवलं नाही, हे आधी मान्य करू. समीक्षेत चांगल्या गोष्टीची नोंद घ्यायलाच हवी. पण आता तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : हिशेबाची सीमा कुठे आखली? प्रकल्पाचं स्वतःचं उत्सर्जन वर्षाला सुमारे 41 लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकं धरलं होतं. हा आकडा खाणीपुरता आहे. काढलेलं तेल पुढे कुठेतरी जळणार, ते यात नाही. आपणच गणित करू. दिवसाला 2,60,000 बॅरल म्हणजे वर्षाला साडेनऊ कोटी. कच्च्या तेलाचं एक बॅरल जळलं की ढोबळमानाने 430 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार केला की चार कोटी टन! म्हणजे खाणीच्या आकड्याच्या जवळपास दहापट. थोडं बिटुमेन रस्त्यांच्या डांबरात जाईल, आकडा थोडा कमी होईल. पण चित्र बदलत नाही. समितीच्या कार्यकक्षेत तेल जाळण्याचं उत्सर्जन नव्हतं, त्यामुळे ही समितीची चूक म्हणता येणार नाही. तुमची टीका कार्यकक्षेवर हवी, समितीच्या बेरीज-वजाबाकीवर नको. हा फरक नीट लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न : फायदा कशावर उभा आहे? तराजूच्या दुसऱ्या पारड्यात 70 अब्ज कॅनेडियन डॉलरच्या आसपास कर आणि रॉयल्टी होती. ही रक्कम तेलाच्या भावावर अवलंबून. कंपनीच्या हिशेबात दीर्घकाळचा भाव बॅरलला 95 अमेरिकी डॉलरच्या आसपास होता. 2019 मध्ये प्रत्यक्ष सरासरी 60 च्याही खाली होती. दलदलीचं नुकसान खात्रीचं, फायदा मात्र अंदाजाचा. दोन्ही पारड्यांतली अनिश्चितता सारखी नसेल तर 'तोलून पाहिलं' या शब्दाला अर्थ काय राहतो?

तिसरा प्रश्न : नुकसान भरून निघतं का? खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करू, असं कंपन्या सांगतात. पण पीटची दलदल बनायला हजारो वर्षं लागतात. 2012 मध्ये पीएनएएस नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात हेच दिसलं, की मंजूर खाणींच्या पुनर्बांधणी आराखड्यांत पीटच्या जागी बहुतांश कोरडवाहू जंगल येतं. ते हिरवं असलं तरी पूर्वीची दलदल नव्हे.

पुढे काय झालं? फेब्रुवारी 2020 मध्ये, मंत्रिमंडळाचा निर्णय यायच्या काही दिवस आधी, कंपनीनेच अर्ज मागे घेतला. 'बघा, अहवाल चुकीचा ठरला!' असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. माघारीमुळे अहवालातला तर्क चूक ठरत नाही आणि बरोबरही ठरत नाही. शिवाय परिसरातल्या 14 आदिवासी समुदायांनी कंपनीशी करार केले होते. सगळे विरोधात होते असं लिहिलंत तर तुमची समीक्षाच खोटी पडेल.

माझं म्हणणं एवढंच : या अहवालाने नुकसान प्रामाणिकपणे मोजलं, पण फायद्याला तितकेच कठोर प्रश्न विचारले नाहीत. हे एक वाक्य सापडायला मला बरेच दिवस लागले. तुमच्या विषयातला एखादा अहवाल काढा, हेच तीन प्रश्न विचारा आणि तुमचं ते एक वाक्य आधी लिहा. मुलाखतीत समोरचे तेच विचारणार आहेत.